आधीं हात, मग हत्यार

शेतकरी बंधूंच्या बैठकींत अलीकडे एक प्रश्न वारंवार निघतो. मळ्यांतली वस्ती एकटी असते. रात्रीं विजेची पाळी आली म्हणजे मोटर चालू करावयास अंधारांत जावें लागतें. ऊस किंवा कांदा विकून आलेला पैसा घरांत असतो. अशा स्थितींत स्वसंरक्षणासाठीं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर जवळ असावें कीं नसावें, आणि असावें तर कोणतें घ्यावें? प्रश्नाच्या पहिल्या भागाचें उत्तर ज्याचें त्यानें व परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यानें द्यावयाचें आहे. दुसऱ्या भागाविषयीं मात्र आमचें मत निश्चित झालेलें आहे, व तें आज आम्ही वाचकांपुढें मांडूं इच्छितों. तें थोडक्यांत असें कीं, ज्यास पिस्तूल चालवावयास शिकावयाचें आहे त्यानें प्रथम कमी किमतीचें, कमी जोराचें, छर्ऱ्याचें पिस्तूल घ्यावें. त्यावर हात बसवावा. आणि हात बसल्यावरच मोठ्या हत्याराचा विचार करावा.

आजची चाल याच्या अगदीं उलट आहे. परवाना मिळाला कीं आपला मनुष्य थेट दुकान गांठतो, व जें सर्वांत महाग, जें चारचौघांत उठून दिसेल, तें घेऊन येतो. २०१४ सालीं कानपूरच्या सरकारी कारखान्यानें 'निर्भीक' नांवाचें हलकें रिव्हॉल्व्हर बाजारांत आणलें. त्याची किंमत तेव्हांच सव्वा लाख रुपयांच्या आसपास होती. एवढा पैसा घालून आणलेलें हत्यार पुढें काय करितें? कमरेला लटकतें, लग्नकार्यांत मिरवतें, आणि एरवीं कपाटांत पडून राहतें. धन्यानें त्यांतून दहा गोळ्यासुद्धां झाडलेल्या नसतात. कारण काडतूस महाग, काडतुसांची संख्या परवान्यानें मर्यादित, आणि गोळी झाडावयास सुरक्षित जागा कोठें नाहीं. अशा मनुष्यावर रात्रीं खरोखर प्रसंग आलाच, तर त्याच्या हातांतलें हत्यार चोराला जितकें भयंकर, तितकेंच ओसरीवर निजलेल्या त्याच्या पोराबाळांनाहि भयंकर.

शेतीच्या कामांत आपण असा अविचार कधीं करीत नाहीं. औत धरावयास शिकणाऱ्या पोराच्या हातीं आपण नवा खोंड देत नाहीं. जुना, शहाणा बैल देतों. आंब्याचें कलम करावयास शिकणारा हापूसच्या निवडक काड्या वायां घालवीत नाहीं. रायवळ आंब्याच्या काड्या घेऊन हात साफ करितो, आणि त्यांतलीं निम्मीं कलमें वाळलीं तरी कोणी हळहळत नाहीं. शिकतांना चुका व्हावयाच्याच. त्या स्वस्तांत व्हाव्या व कोणाच्या जिवावर बेतूं नयेत, एवढीच त्यांत शहाणपणाची गोष्ट आहे. जो नियम बैलाला व कलमाला, तोच पिस्तुलाला कां नसावा?

पिस्तूल हें बंदुकीचें धाकटें भावंड, तेव्हां तें चालवावयास सोपें असेल, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुस्थिति याच्या उलट आहे. बंदुकीला दोन हातांचा व खांद्याचा असा तिहेरी आधार असतो. पिस्तुलाला मुठीचा व मनगटाचाच. शिवाय नेम धरण्याचा पुढचा खुंट व मागची खाच यांमधील अंतर बंदुकीवर मोठें, पिस्तुलावर लहान. याचा परिणाम साध्या त्रैराशिकानें कळतो. खुंट खाचेंत बसवितांना एक मिलिमीटरची चूक झाली असें धरा. दोहोंमधील अंतर ६०० मिलिमीटर असेल, तर दहा मीटरांवर गोळी सुमारें १७ मिलिमीटर बाजूला जाईल. छर्ऱ्याच्या लांबट पिस्तुलावर हें अंतर ३०० मिलिमीटर धरलें, तर चूक ३३ मिलिमीटर होईल. खिशांत मावणाऱ्या रिव्हॉल्व्हरवर तें १०० मिलिमीटर असेल, तर तीच एक मिलिमीटरची चूक दहा मीटरांवर तब्बल १० सेंटिमीटरांची होते. म्हणजे हत्यार जितकें आटोपशीर, तितकें तें चालवावयास अवघड. त्यांत आवाजाच्या भीतीनें गोळी सुटण्यापूर्वींच मनगट दाबण्याची खोड लागली, म्हणजे पांच पावलांवरचा माठदेखील अभंग राहतो.

ही शेवटची खोडच सर्वांत वाईट, आणि ती मोठ्या हत्यारापासून सुरुवात केल्यानेंच लागते. नवशिक्याच्या हातांत काडतुसाचें रिव्हॉल्व्हर दिलें, तर पहिल्याच बाराला कान बधिर होतो व हात उसळतो. दुसऱ्या बाराच्या वेळीं शरीर त्या धक्क्याची आधींच वाट पाहूं लागतें. एकदां मुरलेली भीति काढावयास महिने लागतात. छर्ऱ्याच्या पिस्तुलाला स्फोट नाहीं व धक्का अत्यल्प. त्यामुळें लक्ष आवाजाकडे न जातां खुंट, खाच व चाप या तिहींवर राहतें. दुसरा लाभ असा कीं, छर्रा सावकाश जाणारा असल्यामुळें तो नळींत अधिक वेळ असतो, आणि तेवढ्या वेळांत हात हलला तर कागदावर तें लागलेंच दिसतें. असें पिस्तूल म्हणजे कडक पंतोजीच. तें विद्यार्थ्याची एकहि चूक झांकीत नाहीं.

हें केवळ पोरखेळाचें साधन आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं ऑलिंपिकच्या नेमबाजीकडे पाहावें. तेथें दहा मीटरांच्या सामन्यांत ४.५ मिलिमीटरच्या छर्ऱ्याचेंच पिस्तूल असतें. लक्ष्याचें दहा गुणांचें वर्तुळ अवघें ११.५ मिलिमीटर व्यासाचें. आणि ७५ मिनिटांत ६० छर्रे एका हातानें झाडावयाचे असतात. मेरठ जिल्ह्यांतील एका शेतकऱ्याचा मुलगा सौरभ चौधरी यानें २०१८ सालच्या आशियाई स्पर्धेंत वयाच्या सोळाव्या वर्षीं याच प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें. हरियाणांतील मनु भाकर हिनें २०२४ सालीं पॅरिस येथें याच पिस्तुलावर कांस्यपदक घेतलें. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत हिनें २०१८ च्या त्याच आशियाई स्पर्धेंत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक जिंकलें. जें साधन जगांतील उत्तमोत्तम नेमबाजांस पुरतें, तें आपल्यास प्रथम इयत्तेस पुरणार नाहीं असें म्हणण्यांत अर्थ नाहीं.

येथें 'स्वस्त' या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्यांतच मोठा धोका आहे. कांहीं तरुणांस स्वस्त पिस्तूल म्हटलें कीं गांवठी कट्टाच आठवतो. हें हत्यार स्वस्त नव्हे, तें अत्यंत महाग होय. हाताला सांपडेल त्या लोखंडी नळीचें तें केलेलें असतें. त्या नळीची कोणी परीक्षा घेतलेली नसते. चाप अडवून धरणारी कळ बहुधा नसतेच. काडतुसाचा दाब सहन न होऊन तो फुटला, तर बोटें व डोळे झाडणाऱ्याचेच जातात. आणि न फुटला तरी त्याची किंमत न्यायालयांत मोजावी लागते. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगणें हा गुन्हा असून त्यास कारावासाची शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें विनापरवाना हत्यारें बनविणारा व विकणारा यांस तर किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठरविली आहे. ज्या घरांत असें हत्यार येतें त्या घरची शेती पुढें वकिलाच्या नांवें पिकते. स्वस्त म्हणजे कमी जोराचें, साधें, परंतु नीट बनविलेलें व कायद्यास धरून असलेलें, एवढाच आमचा अर्थ आहे.

कायद्याची थोडक्यांत माहिती येथें देणें जरूर आहे. इंग्रजी अमलांतील १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याच्या जागीं १९५९ चा शस्त्र अधिनियम आला, व त्याखालील सध्यांचे नियम २०१६ सालचे आहेत. अग्निशस्त्राचा परवाना मागणाराचें वय एकवीस वर्षें पूर्ण असावें लागतें. २०१६ च्या नियमांनीं परवान्यापूर्वीं हत्यार सुरक्षितपणें हाताळण्याच्या शिक्षणाचा व त्याच्या दाखल्याचा क्रम घालून दिला आहे. ९ मिलिमीटरचें पिस्तूल सामान्य नागरिकास निषिद्ध आहे. म्हणूनच आपल्याकडे परवान्यावर बहुधा ०.३२ बोअरचें हत्यार दिसतें. छर्ऱ्याचें पिस्तूल मात्र ४.५ मिलिमीटरपेक्षां मोठ्या बोअरचें नसेल व त्याचा जोर २० जूलपेक्षां अधिक नसेल, तर त्यास परवाना लागत नाहीं; दुकानदारास ओळखीचा व पत्त्याचा पुरावा मात्र द्यावा लागतो. शिकणाराला कायद्यानेंच दिलेली ही मोकळी वाट आहे. तिचा उपयोग आपण कां करूं नये?

आतां निवडीविषयीं. परदेशी बनावटीचें सामन्याचें पिस्तूल लाखाच्या पुढें जातें. तें नवशिक्यास नको. कांहीं हजार रुपयांत मिळणारें साधें पिस्तूल पुरेसें आहे, मात्र घेतांना चार गोष्टी पाहाव्या. नळी आंतून आटे पाडलेली असावी. मागची खाच स्क्रूनें वरखालीं व आजूबाजूला सरकविण्याची सोय असावी. चाप एकसारखा, न अडखळतां यावा. मूठ आपल्या पंजांत भरावी, म्हणजे पोंचा न वळवितां नळी सरळ पुढें राहील. वायूच्या नळकांडीवर चालणाऱ्या पिस्तुलास नळकांडीचा खर्च सतत येतो. हातानें दाब भरण्याच्या पिस्तुलास छर्ऱ्यांखेरीज खर्च नाहीं, म्हणून खेड्यांत तेंच सोयीचें. पोलादी गोल छर्रे वापरूं नयेत. ते कठीण पृष्ठावरून उसळून डोळ्यांत जाण्याचा संभव अधिक. शिशाचे छर्रे वापरावे, डोळ्यांस चष्मा लावावा, आणि शिसें विषारी असल्यामुळें सराव संपतांच हात साबणानें धुवावे. तसेंच तंबाखू चोळूं नये.

सराव कसा करावा? पहिला पंधरवडा एकहि छर्रा झाडूं नये. कोऱ्या भिंतीसमोर उभें राहून खुंट खाचेंत बसवावा व चाप सावकाश मागें आणावा, इतकेंच रोज पंधरा मिनिटें. मात्र या सरावास पिस्तूल चालतें कीं नाहीं हें त्याच्या माहितीपत्रकांत पाहून घ्यावें. नंतर दहा मीटरांवर जाड खोक्यांत वाळू किंवा चिंध्या ठासून त्यावर कोरा कागद लावावा. लक्ष्याचें काळें वर्तुळ आरंभीं नकोच. तें दिसलें कीं डोळा त्याकडे धांवतो व खुंट अंधुक होतो. दहा छर्रे झाडून ते किती जवळजवळ पडले हें मोजावें; ते कोठें पडले हें मागाहून. दहाहि छर्रे तळहाताएवढ्या वर्तुळांत दर वेळीं पडूं लागले, म्हणजे पहिली इयत्ता संपली असें समजावें. त्यापुढें नेमबाजीच्या मंडळांत, जाणत्याच्या देखरेखीखालीं, ०.२२ बोअरचें हत्यार. व त्यानंतर, खरीच गरज असेल तर, स्वतःचा परवाना व स्वतःचें हत्यार.

आमच्या मतावर एक आक्षेप येण्यासारखा आहे, व तो खोटा नाहीं. छर्ऱ्याच्या पिस्तुलावर धक्का व आवाज यांची संवय होत नाहीं, काडतूस भरणें व अडकलेलें काडतूस काढणें शिकतां येत नाहीं. मग हें शिक्षण अपुरें नव्हे काय? अपुरें आहेच. परंतु बाराखडी अपुरी म्हणून कोणी तिला फांटा देत नाहीं. शिवाय या पहिल्या इयत्तेंत ज्या चार गोष्टी अंगीं मुरतात त्या कोणत्याहि पुढच्या हत्याराला जशाच्या तशा लागू पडतात: प्रत्येक हत्यार भरलेलें आहे असेंच समजावें, ज्याचा नाश करावयाचा नाहीं त्याकडे नळी कधीं वळवूं नये, नेम बसेपर्यंत बोट चापावर ठेवूं नये, आणि लक्ष्य कोणतें व त्याच्या मागें काय आहे हें पाहिल्यावांचून बार काढूं नये. शेवटचा नियम शेतकऱ्यास विशेष लक्षांत ठेवण्यासारखा आहे. ०.२२ बोअरची चिमुकली गोळीदेखील दीड मैलापर्यंत जाऊं शकते. आपल्या बांधापासून दीड मैलांत किती वस्त्या आहेत हें ज्याचें त्यानें मोजून पाहावें. हळदीच्या रात्रीं आकाशांत झाडलेली गोळीहि कोठें तरी खालीं येतेच. म्हणूनच २०१९ च्या दुरुस्तीनें असल्या आनंदाच्या बारास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे.

दोन गैरसमज येथेंच दूर केले पाहिजेत. पिस्तूल हें रानडुकरावरचें औषध नव्हे. रात्रीं पळत्या डुकरावर पिस्तूल झाडणें म्हणजे बहुधा गोळी फुकट घालविणें, किंवा जनावर जखमी करून अंगावर घेणें होय. पीकसंरक्षणासाठीं कायद्यानेंच ठासणीच्या बंदुकीची तरतूद केली आहे, व ती अपुरी पडत असल्याची अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसरी साध्या नळीची बंदूक देतां येते. तीवरहि रानडुकर मारावयाचें तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणें परवानगी लागते. दुसरें असें कीं, छर्ऱ्याचें पिस्तूल हातीं आलें म्हणून पोरांनीं पांखरें टिपीत हिंडूं नये. अरुणाचल प्रदेशांत छर्ऱ्याच्या बंदुकांनीं रानें ओस पडूं लागलीं, तेव्हां २०२१ सालीं लोकांकडून त्या बंदुका आपखुषीनें परत घेण्याची मोहीम काढावी लागली. किडे वेंचणारी साळुंकी आणि उंदीर खाणारें घुबड हीं आपलीं बिनपगारी राखणदार आहेत. त्यांना मारणारा स्वतःच्याच पिकाचा वैरी.

आतां सर्वांत नाजूक गोष्ट सांगतों. हत्यार घरांत आणणें म्हणजे केवळ चोराचा विचार करणें नव्हे. घरांतल्या प्रत्येक माणसाचा विचार करणें होय. हत्यार व काडतुसें निरनिराळ्या कुलपांत असावीं आणि किल्ल्या धन्याच्या कमरेला असाव्या, उशाखालीं नव्हे. घरांत कोणी कर्जानें, नापिकीनें किंवा दुःखानें खचलेला असेल, तर तो काळ जाईपर्यंत हत्यार घराबाहेर असणेंच बरें. पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे तें ठेवण्याची सोय कायद्यांत आहे, आणि ती वापरण्यांत कसलाहि कमीपणा नाहीं. कीटकनाशकाचा डबा आपण ज्या कारणासाठीं दूर ठेवतों, त्याच कारणासाठीं पिस्तूलहि दूर ठेवावें. एका वाईट रात्रींतून मनुष्य निभावून गेला, तर पुढचा पाऊस त्याच्यासाठीं पडावयाचाच आहे. खचलेल्या माणसाजवळ त्या रात्रीं कोणी तरी बसावें व त्याला लौकर डॉक्टरांकडे न्यावें, हें सांगावयास नकोच.

शेवटीं आमची एक सूचना आहे. प्रत्येक गृहस्थानें एकेकट्यानें खर्च करण्यापेक्षां तालुक्याच्या संघानें छर्ऱ्याचीं दोन साधीं पिस्तुलें घ्यावीं. गोदामामागें मातीचा उंच बांध घालून दहा मीटरांची जागा आंखावी. आणि गांवांतील एखाद्या निवृत्त सैनिकास आठवड्यांतून एक सकाळ शिकविण्याची विनंति करावी. आपल्याकडे असे सैनिक गांवोगांव आहेत, व हातांतल्या हत्याराचा आदर कसा करावा हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक असणार? तेथें आपल्या मुली व सुनाहि याव्या. नळी कोणीकडे वळवूं नये हें घरांतल्या सर्वांसच कळलें पाहिजे. वर्षभर असा सराव चालला, तर दोन गोष्टी घडतील असें आम्हांस वाटतें. ज्यांस हत्याराची खरी गरज आहे त्यांच्या हातीं तें शिकलेल्या हातांत जाईल. आणि पुष्कळांस, दहा मीटरांवर छर्रा कोठें जातो हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिल्यावर, कमरेला सव्वा लाख रुपये लटकविण्याची हौसच उरणार नाहीं. ते पैसे विहिरीवर, ठिबकावर किंवा मुलांच्या शिक्षणावर लागतील. यांपैकीं कोणतीहि गोष्ट घडली तरी आमच्या लिहिण्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.